दृष्टीच्या मिरच्या

कासारवाडी, रविवार

ती. सारजाआत्या,

तुझ्या पायांवर डोके ठेवून विचारते, गुडघे कसे आहेत? म्हैस दूध देते का? आणि जे गृहस्थ हे पत्र तुला वाचून दाखवीत आहेत त्यांचा खोकला थांबला का? (दादा, लेकीने कारखान्यात नोकरी धरल्यापासून तुम्ही तिच्याशी बोलत नाही, हे मान्य. पण आत्याला अक्षर येत नाही, त्याला माझा इलाज नाही. वाचा पुढे.)

माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे आता आहे. मध्यंतरी छाती धडधडे, घास उतरेना, बसल्या जागी बसवेना. मी पडले विज्ञानाची पदवीधर, म्हणून आधी पाण्याला दोष दिला आणि ते उकळले. मग उशीला दोष दिला. तिचा कापूस उन्हात घातला, तो घरमालकीण गवराबाईंच्या कोंबड्यांनी आळीभर पसरला. शेवटी डॉक्टर गाठले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारले, "जेवता कुणाबरोबर?" मी म्हटले, "पुस्तकाबरोबर." त्यांनी औषधच दिले नाही! (आमच्या कारखान्यात अवघ्या देशासाठी पेनिसिलिन तयार होते, आणि मला साधी पुडी नाही.)

गवराबाईंनी मात्र लगेच निदान केले. "शिकल्याली, एकटी, वर नोकरीवाली. दिष्ट लागंल न्हाई तर काय!" माझ्यावरून मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. "ठसका आला न्हाई, बघ! केवढी दिष्ट!" धूर कौलांतून वर जातो, हे मी समजावू लागले, तोवर आळीतल्या बायका जमल्या, नजर कुणाची यावर भांडू लागल्या, आणि त्या भांडणात माझ्या हातावर कुणीतरी भाकरी ठेवली. वाद घालता घालता मी ती संपवली, दुसरीही संपवली, आणि मेल्यासारखी झोपले.

शास्त्र म्हणते, पडताळा घ्या. घेतला. खोलीत जेवले की धडधड. त्यांच्या चुलीपुढे जेवले की काही नाही. मग काय, रोज दिवेलागणीला मी कण्हत त्यांच्या दारात! शेवटी गवराबाई म्हणाल्या, "बाई, तुझ्या दिष्टीपायी वरसाच्या मिरच्या सरल्या. आता नुसती जेवाय येत जा की!"

तेव्हा एकटेपणा माणसाच्या अंगातही उतरतो, हे सिद्ध झाले, आणि मी ठणठणीत आहे. काळजी नसावी.

तुझी,
इंद्रायणी

ता. क. दादा, एवढे मनातच वाचा. काल गवराबाईंनी विचारले, "तुझ्या घरचं कुणीच कसं येत न्हाई गं?" तेव्हापासून धडधड पुन्हा सुरू आहे. नोकरी मी सोडणार नाही. पण चाकणहून मोटार येते. पुढच्या रविवारी जेवायला या. बोलायचे नसेल तर बोलू नका, नुसते समोर बसून जेवा.

ता. क. (हे मोठ्याने.) आत्या, वाचणारे मध्येच गप्प झाले असतील तर त्यांना पाणी दे. आणि रविवारी त्यांच्याबरोबर थैलीभर सुक्या मिरच्या पाठव. गवराबाईंच्या भरून द्यायच्या आहेत.