लग्नातली आईची खुर्ची

प्रिय वेनिंग,

फोनवर बोलायला गेले की तू घाईत असतेस आणि मला रडू येतं, म्हणून लिहायला बसले. सेमारांगला तुझ्या खोलीत अजून गळतं का? इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ठीक काही नाही. शस्त्रक्रियेत पोटावर जे तोंड काढून दिलंय, त्याच्याभोवतीची कातडी पुन्हा सोलवटली आहे. आतड्यातलं पिशवीत पडायच्या आधी कडेने पाझरतं आणि जखम चिघळते. भरली भरली म्हणेपर्यंत परत उघडते. कधी कधी वाटतं, कर्करोगाने तेव्हाच नेलं असतं तर तुम्ही एकदाच रडून मोकळे झाला असता. असं आईने मुलीला लिहू नये, ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

मागणी घालायला दानांगच्या घरचे आले तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. पाहुण्यांसमोर पिशवी भरू नये म्हणून मी आदल्या दिवसापासून अन्नाला शिवले नव्हते. वर पेरूची पानं चावली, लहानपणी तुला हगवण लागली की द्यायचे तीच. आणि कबाया अंगावर नीट बसावा म्हणून कमरेला तो लांब पट्टा करकचून गुंडाळला, थेट पिशवीवरून. पट्ट्याशिवाय कबाया घातलेली बाई म्हणजे गबाळी, हे माझ्या आईने माझ्या हाडीमाशी मुरवलंय, त्याला मी काय करू? उपाशी पोटात वारा धरला, पिशवी फुगली आणि पट्ट्याखाली तिला फुगायला जागा नव्हती. दानांगच्या आईने चिकट भाताच्या वड्यांचं ताट पुढे केलं, नवरा-नवरीने असंच एकमेकांना चिकटून राहावं म्हणून. ते घ्यायला मी वाकले आणि चिकटून राहायची ती माझी पिशवीच सुटली.

वास खोलीभर पसरला. आपली माणसं जीव गेला तरी तोंडावर बोलायची नाहीत. तारी मावशी म्हणाली, "बाहेरचं गटार तुंबलंय वाटतं, कुणी बघतच नाही मेलं!" दानांगच्या आईने लगेच मान डोलावली, "आमच्या गल्लीतही तेच हो." मग सगळे मिळून गटारावर बोलत बसले. तूसुद्धा म्हणालीस, "पावसाळ्यात इथे असंच असतं." तू मला झाकत होतीस, हे मला कळत होतं. पण त्या सगळ्या वेळात तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस.

जखमांच्या दवाखान्यातल्या सिस्टर विगातींनी नंतर मला फैलावर घेतलं. "इबू, माझे आई, उपाशी राहिलं की पोटात वाराच धरतो. आणि पुन्हा तो पट्टा आवळायचा असेल तर आधी माझा गळा आवळा!" मी पिशवीच्या चिकट चकतीला अजून पहिल्याच मापाचं भोक कापत होते. ते तोंड आता आक्रसलंय, म्हणून कडेने पाझरतं. त्यांनी नवं माप काढून दिलं, जखमेवर पूड भुरभुरली आणि चकती तळहाताने दाबून ऊब कशी द्यायची ते शिकवलं. शेजारी सायकलरिक्षा चालवणारे सार्दी काका बसले होते. त्यांच्याही पोटावर तसंच तोंड आहे, त्याला ते 'मंत्रीसाहेब' म्हणतात. "भाषण कधी सुरू होईल नेम नाही, आणि गप्प करायची कुणाची छाती नाही!" मी हसले, वेनिंग. कितीतरी दिवसांनी हसले.

त्या हसण्यानेच धीर आला असेल, मी सिस्टरना मनातली भीती सांगून टाकली. लग्नात तू माझ्यापुढे गुडघे टेकणार, माझ्या मांडीवर कपाळ ठेवून आजवरच्या चुकांची माफी मागणार, आशीर्वाद मागणार. तुझं नाक आणि माझी पिशवी यांत वीतभरही अंतर नसणार. सिस्टर उठल्या, दार लावलं, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाल्या, "साबणाचा वास येतोय, इबू. आणि जरासा तळलेल्या लसणाचा." लग्नाच्या सकाळी स्वतः येऊन पिशवी लावून देते, असा शब्द दिला त्यांनी. मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला, तुझे म्हणूनच फिरवला. मी बसणार होते, पोरी. अगदी नक्की बसणार होते.

परतताना शिंपिणीकडे शिरले. दोघी विहिणींचा कबाया एकाच कापडाचा असतो आणि माझं कापड तुझ्याकडून अजून आलं नव्हतं. म्हटलं, आलं की सैल शिवा, पट्टा नको, एवढं आधीच सांगून ठेवावं. कापड तिथे टेबलावर कापून पडलं होतं, तुझ्या आवडीचं फिकं हिरवं. शिंपीण म्हणाली, "अहो, तारीताईंचं माप केव्हाच घेतलं. वेनिंगनेच नाही का त्यांच्या पत्त्यावर पाठवलं? तुम्हाला फार वेळ बसवत नाही म्हणे. किती जपते हो मुलगी!" मी हो म्हटलं. मग घरी कशी आले ते आठवत नाही. तारी अजून मला काही बोललेली नाही. शब्द शोधत असेल बिचारी.

म्हणून हे पत्र. तिच्यावर ती वेळ यायला नको, आणि तुझ्यावर तर नकोच नको. आईच्या खुर्चीवर मावशी बसणार, हे आईनेच ठरवलं, असं सगळ्यांना सांग. मी त्या दिवशी दवाखान्यात असेन. जखमेची पट्टी बदलायची होती म्हटलंस तर कुणालाही पटेल. मला समजवायला धावत येऊ नकोस. आलीस तर मला ते खरं वाटणार नाही, आणि नाही आलीस तरी मी दाराकडे बघत राहीनच. फक्त एक आहे. त्या खुर्चीपुढे माफी मागायची असते. तारीच्या मांडीवर डोकं ठेवून तू ती मागशील आणि तिच्याकडे ती द्यायला नसेल. ती मी इथेच देऊन ठेवते. माफ केलं, पोरी.

आहे तिथून तुला आशीर्वाद देणारी,
तुझीच,
आई