मधल्या खोलीतला वास

१२ डिसेंबर

आज पुन्हा तोच वास! सकाळी फरशी तीनदा पुसली. एकदा फिनाईलने, एकदा गरम पाण्याने, एकदा रागाने. अकरा वाजता दुकानातून आत आले तर मधल्या खोलीत मांजराच्या मुताचा वास जसाच्या तसा.

ही खोलीही अशी की धड धुता येत नाही. खिडकीपासून दारापर्यंत कापूस भरलाय. भाव वाढेपर्यंत तो घरातच राहणार, दरवर्षी राहतो. उरलेल्या जागेत मामाजींची खाट. थंडीत ते तिथून हलत नाहीत, कापसाची ऊब लागते म्हणतात. मामाजी म्हणजे माझे सासरे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांना हलवणार तरी कुठे? आणि खाटेवर त्यांच्या पायाशी भुरी. दोन वर्षांपूर्वी कुठूनशी आली आणि त्यांचीच झाली.

आमचे हे, जीवन, जेवताना म्हणाले, "कापसाले वास लागला तं कोन घेईन? आठ दिवस पाहतो. नाई तं हे मांजर घरात नाई राह्यत."

मामाजी ताटात पाहत जेवत राहिले.

१४ डिसेंबर

शेजारच्या रुक्माबाई सल्ला द्यायला आल्या. न बोलावताच. "ऊद जाळ वो, साऱ्या घरात फिरव, वास पळते का नाई पाय!" घरात छातीइतका कापूस, आणि मी निखारे घेऊन फिरू! म्हटलं, वासच काय, घरही पळेल. तेव्हा हसल्या, पण जाताना नाकाला पदर लावूनच गेल्या. मला ते दिसलं. असं काही मला दिसतंच.

कडुलिंबाचा पाला टाकला. लिंबाची सालं टाकली. आता घराला लिंबू पिळलेल्या मांजराचा वास येतोय.

१५ डिसेंबर

व्हिनेगरने वास जातो म्हणतात, पण ते इथे बेला गावात मिळालं नाही. जीवनला आदिलाबादहून आणायला सांगितलंय. विसरतील.

१६ डिसेंबर

विसरले.

१७ डिसेंबर

आज आणलं एकदाचं. संध्याकाळी सपनाला फोन केला. पोरगी हैदराबादला शिकते, तिला सगळं माहीत असतं, नसलं तर दोन मिनिटांत शोधते. म्हणाली, "आई, फिनाईल बंद कर आधी. त्या उग्र वासाने मांजर परत परत तिथेच करतं. व्हिनेगरमध्ये अर्धं पाणी घाल, अर्धा तास राहू दे, मग खायचा सोडा टाक. सुकला की झाडून काढ. घासू नको." म्हणजे पंधरा दिवस मी त्या मांजराला आमंत्रण देत होते!

तिने सांगितलं तसं सगळं केलं. पिठाच्या डब्यामागे, कोनाड्याखाली, खाटेच्या आजूबाजूला. मी वाकून टिपत होते आणि बडबडत होते — घाणेरडं जनावर, खाऊन खाऊन माजलंय, लाज म्हणून नाही. मामाजी खाटेवरून उतरले, माझ्या हातातून फडकं घेतलं आणि खाली बसून स्वतः पुसायला लागले. गुडघे दुखतात त्यांचे. मी म्हटलं, राहू द्या. ते ऐकेनात.

केवढी माया त्या मांजरावर! मला जरा रागच आला. माझ्या पोरीचे लंगोट कधी कोणी असे पुसले नव्हते.

हो, आणि त्यांनी संध्याकाळचा चहा सोडलाय. चार-पाच दिवस झाले. कप तसाच परत येतो. डिसेंबरच्या थंडीत चहा सोडतं का कोणी? वयाचं काही सांगता येत नाही.

२० डिसेंबर

आजचा दिवस वाईट गेला.

कापूस पाहायला व्यापाऱ्याचा माणूस आला, राजकुमार. दरवर्षी तोच येतो. त्याने खाटेच्या बाजूने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून चोळून पाहिला. मग हसत हसत म्हणाला, "काय काका, औंदा तुमीबी पानी मारलं का?"

आमच्या घरात ही शिवी आहे. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे गावात आहेत, कोण ते सगळ्यांना माहीत आहे. मामाजींनी आयुष्यात थेंब मारला नाही. त्यांचा कापूस दाबून न पाहता घ्यायचे, असं आदिलाबादच्या बाजारात अजून जुनी माणसं सांगतात. मामाजींचा चेहरा पाहवेना.

जीवन म्हणाले, "पानी नाई हो, मांजर मुतते घरात."

राजकुमारला ते पटलं की नाही कोण जाणे. "वाळवा, मंग पाहू," म्हणाला आणि फोनवर तेलुगूत कोणाशी तरी बोलत निघून गेला.

तो गेला तशी जीवनने भुरीला पोत्यात घातली. ती ओरडत होती. मामाजी उठून उभे राहिले. "राहू दे, जीवन," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. बस! दोन वर्षं आपल्या ताटातला घास दिला आणि तिच्यासाठी दोनच शब्द? मला वाटलं होतं, दार अडवतील, शिव्या देतील. काहीच नाही. भिंतीकडे तोंड करून निजले.

गाडीवर नेऊन तिला ओळखीच्या दादाजींकडे सोडलं. आदिलाबादच्या रस्त्यावर कापसाची सरकी काढायचं जिनिंग आहे, तिथे राखण करतात ते. तिथे उंदीर रगड आहेत, उपाशी मरणार नाही.

खरं लिहू? मला सुटल्यासारखं वाटलं. आधी सुटल्यासारखं, मग वाईट.

२१ डिसेंबर

ओला कापूस अंगणात वाळवला. सगळं पुन्हा व्हिनेगर, सोडा, ऊन. घर कसं मोकळं झालं. रुक्माबाई चहाला आल्या, पदर जागेवर.

मामाजी जेवले नाहीत नीट.

२४ डिसेंबर

वास परत!

भुरी जाऊन चार दिवस झाले. मग हा वास कोणाचा? आधी वाटलं, फरशीच्या सांध्यांत मुरला असेल. सपनाला विचारलं. म्हणाली, जुने डाग डोळ्यांना दिसत नाहीत. "दुकानात नोटा पाहायचा निळा दिवा आहे ना? खोलीत अंधार करून तो फिरव. मुताचे डाग चमकतात. नेमकं कुठे ते कळेल, मग तेवढंच धू."

हुशार आहे पोरगी. उद्या दुपारी मामाजी मारुतीच्या पारावर गेले की करते.

२५ डिसेंबर

दुपारी दुकान लावून घेतलं. मधल्या खोलीची खिडकी बंद केली, दाराला घोंगडी टांगली. दिवा लावला.

पिठाच्या डब्यामागे काही नाही. कोनाड्याखाली काही नाही. तीन आठवडे मी जिथे घासलं तिथे स्वच्छ फरशी, दुसरं काही नाही.

डाग होते ते खाटेपासून निघाले होते. एकेक थेंब, पिवळट. खाटेच्या पायापासून मागच्या दाराकडे, मोरीच्या वाटेने सरळ रांगेत, घाईने चालणाऱ्या माणसाच्या पावलांच्या अंतराने. दोन ठिकाणी थेंबांची थारोळी झाली होती. आणि खाटेशेजारच्या भिंतीवर एक मोठा डाग, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिथून ओघळून कापसाच्या बुडाशी गेलेला. मांजर एवढ्या उंचीवरून मुतत नाही. आणि मांजर मोरीकडे धावत नाही.

खाटेखाली खताची रिकामी पिशवी होती. तिच्यात दोन धोतरं, स्वतः धुतलेली, नीट पिळता न आलेली, ओलीच. वाळत घालायला बाहेर काढली असती तर मला दिसली असती, म्हणून तिथे ठेवलेली.

दिवा बंद करून मी फरशीवर बसून राहिले. बाहेर कोणीतरी साखर मागायला हाका मारत होतं.

घाणेरडं जनावर. माजलंय. लाज म्हणून नाही. हे सगळं मी त्यांच्यासमोर बोलले. रोज. आणि ते ऐकत होते, आणि खाली बसून पुसत होते.

२६ डिसेंबर

कोणाला काही सांगितलेलं नाही.

जीवनला सांगितलं तर ते ओरडतील. काळजीनेच ओरडतील, पण आवाज असा की गल्लीला कळेल. मग रुक्माबाई आहेतच.

मामाजींशीच बोलावं? कसं? बावीस वर्षं झाली या घरात येऊन. डोक्यावर पदर घेऊन मी त्यांच्याशी काय बोलले, तर जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, शेतातून माणूस आलाय. ते माझ्याकडे पाहून बोलत नाहीत, मी त्यांच्याकडे पाहून बोलत नाही. आमच्याकडे सासरा-सून असेच. या गोष्टीला लागणारे शब्द आमच्या दोघांत कधी ठेवलेलेच नाहीत. मी तोंड उघडलं तर ते मान वर करून या घरात फिरणार नाहीत, एवढं मला कळतं.

राजकुमारला तेव्हा खरं सांगता येत नव्हतं, म्हणून ते गप्प बसले. आणि भुरीसाठीही म्हणूनच दोनच शब्द. संध्याकाळचा चहा सोडला तोही रात्री उठावं लागू नये म्हणून. मी त्यांना मनात किती बोलले!

पण तपासायला तर हवं. या वयात पुरुषांना होतं असं काहीतरी, औषध असतं म्हणतात. नेणार कोणत्या निमित्ताने?

रात्रभर विचार केला. दवाखान्याचं नाही, पण तोवर झाकायला एक सुचलंय.

२७ डिसेंबर

दुकानाचा माल आणायचा म्हणून बसने गेले आणि जिनिंगवर उतरले. दादाजी चकित झाले. "घेऊन चालल्या? बरी होती हो बिचारी. घान तं नाई करत कुठं. मातीत खड्डा करते, जाते, वरून लोटून येते. तुमच्या घरी काऊन करे मंग?"

मी म्हटलं, तिथे माती नव्हती. एवढ्या सरळ तोंडाने खोटं बोलता येतं, हे मला नव्याने कळलं.

टोपलीत घालून बसमध्ये आणली. सगळ्या बसने तिचं गाणं ऐकलं. घरी येताच मोठ्याने जाहीर केलं — दुकानात उंदीर झालेत, मला मांजर पाहिजे. वास आला तर मी निस्तरीन, कोणी बोलायचं नाही! जीवन बघतच राहिले. मी अशी बोलत नाही.

मग चुलीतली राख मोठ्या घमेल्यात भरली आणि मामाजींच्या खाटेला लागून, कापसाच्या उलट्या बाजूला ठेवली. वर झाकायला पाटी. "मांजरासाठी आहे," मी भिंतीला सांगितलं. खाटेवर गादीखाली रबरी कापड घातलं. "थंडी वर येते खालून," हेही भिंतीलाच.

भुरी मामाजींच्या पायाशी जाऊन बसली, जणू चार पावलांवरून आली.

२९ डिसेंबर

घमेलं भरतंय! रोज पहाटे कोणी उठायच्या आत मी मागे नेऊन उलटते, नवी राख भरते. भुरी खुशाल परसात जाते.

जीवन म्हणाले, "एवढी राख लागते एका मांजराले?" म्हटलं, तुम्हाला काय माहीत मांजराचं!

३० डिसेंबर

आज संध्याकाळी चहाचा कप रिकामा आला.

मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. कपासाठी! कोणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं.

१ जानेवारी

वास नाही म्हणावा इतका कमी झालाय. राजकुमार सोमवारी परत येणार. दवाखान्याचं निमित्त अजून सुचत नाही. डोळे तपासायचे म्हणून नेऊ का? पण डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊन पुढे काय करू?

३ जानेवारी

पहाटे फरशी ओली होती. मी उठायच्या आत जीवनचा पाय पडला त्यात. पोतं घेऊनच आले, भुरीची मान धरली. मी मध्ये पडले, म्हटलं, माझी चूक, मी राख भरली नाही. तेवढ्यात मामाजी खाटेवरून उतरून उभे राहिले. ओल्या धोतरात, आम्हा दोघांसमोर. "सोड तिले, जीवन. ते नाई, मी हाये. दिवाळीपासून." मग माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू तरी मले किती दिवस लपवशीन, बाई? चाल, दवाखान्यात ने मले." आठच्या बसने आम्ही तिघं आदिलाबादला निघालो.