तोबरा

आबा, जर्सी सिटीत मुलाच्या घरी खिडकीपासून लांब बसून लिहितोय. मजला इतका उंच की खाली बघवत नाही. सातवी पास माणसाचं लिहिणं, सांभाळून घ्या. काल इथे दुसऱ्या महायुद्धातलं तुमचं लिबियातलं तोबरुक बंदर केकवर काढून आणलं होतं. निळ्या क्रीमचा समुद्र, बिस्किटाच्या चुऱ्याची वाळू, वर प्लॅस्टिकचे शिपाई. नातीनं शाळेत तुमच्यावर प्रोजेक्ट केला, त्याला बक्षीस मिळालं म्हणून. मला शिसारी आली.

लहानपणी तोबरुक हे नाव ऐकून मला वाटायचं, तुम्ही घोड्यांच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यांवर पहारा करायला गेलाय. मग इटलीच्या कैदेतून तुम्ही परत आलात. स्वयंपाकघरात जेवताय, कोणी भाकरी हिसकावेल असं घाईघाईनं, गाल फुगलेले. आत्या हसते, "तोबरुकला जाऊन तोबरा भरायला शिकलास व्हय रं?" तुम्ही घास ताटात थुंकता. "तोबराच राखत हुतो, आक्का. बंदर इटलीवाल्यानं बांधलेलं, राखायचं इंग्रजासाठी, पलीकडं मिसर म्हंजी इजिप्तची हद्द. आमचं काय हुतं तिथं? बंदुकीत गोळ्या हुत्या, तरी मोठ्या सायबानं पांढरं निशाण लावलं. आमाला इचारलंबी न्हाई." ताट तसंच टाकून तुम्ही उठलात. घरात ते नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

हे सगळं मी मुलाला काल सकाळीच सांगितलं होतं. तरी संध्याकाळी तो मित्रांना सांगतोय, "यार, माझ्या आजोबांनी शेवटच्या गोळीपर्यंत पोर्ट डिफेंड केलं!" टाळ्या. एकानं तर केकवरचा शिपाई उचलून चाटला. तुमच्या थुंकलेल्या घासाचा यांनी गोड पदार्थ केला, आबा. तेवढ्यात नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आजोबा, डिड ही विन?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आता नको हं." सांगायचंच असं ठरवून मी तोंड उघडलं. सूनबाई हसत पुढे आली, "बाबा, आधी तोंड गोड करा!" आणि तिनं बंदराचा अख्खा कोपरा माझ्या तोंडात कोंबला. पुन्हा टाळ्या. नात तशीच उभी, उत्तराची वाट बघत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहितो. घास फार मोठा नव्हता, आबा. नात कंटाळून आतल्या खोलीत जाईपर्यंत मी तो चघळत राहिलो.