मोकळ्या कुत्र्याची दोरी

आबा,

आज सकाळी एका पोराला भर रस्त्यात झापलं, आणि झापताना माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला. साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याने जो रस्ता जातो, तिथे मी आमच्या कुत्रीला फिरायला नेते. ती आता म्हातारी झालीय, मागचे पाय धरलेत, दुसरं कुत्रं अंगावर आलं की जागच्या जागी थरथरायला लागते. त्या पोराचं दांडगं कुत्रं मोकळं सुटलेलं, ते थेट आमच्या रोखाने धावत आलं आणि पोरगा मागून हात हलवत ओरडतोय, "काकू, घाबरू नका, काही करत नाही तो!" अरे बाबा, काही करत नाही हे तुला माहीत. माझ्या कुत्रीला ते कुणी सांगायचं? मी मध्ये उभी राहिले, तिला पायांमागे घेतलं आणि म्हणाले, "हाक मारून येत नसेल तर सोडतोस कशाला?" पोरगा वरमला, कुत्र्याच्या मागे मागे पळत राहिला. घरी येऊन चहा टाकला आणि तुमची इतकी आठवण आली, की तो उतू गेला तरी बघत बसले.

तुम्ही फौजेतून हवालदार होऊन घरी आलात, आणि दुष्काळाची खडी फोडायची कामं बंद झाल्यावर एका मेंढपाळाकडून पिल्लू आणलंत. त्याला नाव काही ठेवलं नाहीत, नुसतं 'गड्या' म्हणायचात. मी सांगलीकडून माझी ट्रंक घेऊन म्हसवडच्या स्टँडवर उतरले तोवर तो चांगला थोराड झाला होता. माझं लग्न उसाच्या गावात झालं होतं. माळावरची लेक पाण्याच्या गावाला पडली म्हणून आईने सिद्धनाथाला नारळ फोडला होता. तिथे ऊस होता, पाट होता, दारात दुभती जनावरं होती, आणि नवऱ्याचा हात उठायचा. सोसवलं तेवढं सोसलं, मग निघून आले. तुम्ही काहीही विचारलं नाहीत. संध्याकाळी वहाणा घातल्यात, दोरी खांद्यावर टाकलीत आणि म्हणालात, "चल, गड्याला हिंडवून आणू." आई आतून ओरडली, "आवं, माघारी आल्याली पोर, तिला गावातनं काय मिरवताय?" तुम्ही म्हणालात, "गावातनं न्हाई, माळानं जातो." तेव्हापासून रोज आपण तिघं माळाने जायचो.

गड्या मोकळा आणि दोरी तुमच्या खांद्यावर, यावर गावाने काय कमी दात काढले? पारावरची माणसं तुम्हाला उगाच बढती देऊन म्हणायची, "सुभेदार, कोण कुणाला हिंडवतंय म्हनायचं?" तुम्ही हसून पुढे जायचात. मला मात्र सांगितलंत, "कुत्रं मोकळं सोडायचं तर मालकाच्या हाताशी दोरी पायजेच. बांधल्यालं असलं तर मग इसरली तरी चालंल." तेव्हा मला तो फौजी तऱ्हेवाईकपणा वाटला. वाटेत उगाचच हाक मारायचात. गड्या धावत आला की भाकरीचा तुकडा द्यायचात आणि लगेच परत सोडायचात. मी विचारलं, सोडायचंच होतं तर बोलावलं कशाला? तुम्ही म्हणालात, "हाक आली की मजा संपली, आसं त्याच्या डोक्यात बसलं तर त्यो कशाला यील? तू तरी आली आस्तीस का?" समोरून दुसरं कुत्रं दिसलं, की गड्याचे कान उभे राहायच्या आत तुमची हाक गेलेली असायची. मग वाट सोडून बाजूला व्हायचं, त्याला बसवायचं, दोरी गळ्यात अडकवायची आणि समोरच्याला विचारायचं, "सोडू का?" तो "सोडा की" म्हणाला तर सोडायचं. तेही दोघांचं हुंगून होतंय न होतंय तोच परत हाक. "गोडीत हाय तवर बोलवायचं," हे तुमचं ठरलेलं.

त्या वर्षी जतकडची एक धनगरीण आपल्या माळावर मेंढरं घेऊन उतरली होती. तुमच्याच वयाची असेल, उन्हाने पार काळवंडलेली, आवाज मात्र असा की टेकडीपलीकडे जावा. तिच्याकडे एक तांबडी कुत्री होती. वाटेत कुठल्यातरी गावात एक मोकळं कुत्रं तिच्यावर धावून आलं होतं, आणि त्याचा मालकही पारावर बसून "काय करत न्हाई" म्हणत होता. कुत्रीचा एक कान गेला होता. पण कानाचं एवढं नव्हतं, तिचा धीरच गेला होता. दुसरं कुत्रं लांबून दिसलं तरी ती मेंढरांच्या पोटात शिरायची, आणि जवळ आलं तर आंधळी होऊन चावायची. तेव्हा आपल्याकडे लांडगे होते. म्हातारीचा सगळा कळप त्या एका कुत्रीच्या भरवशावर बाहेर झोपायचा. पहिल्या दिवशी ती लांबूनच ओरडली, "आवं, कुत्रं धरा तुमचं!" ती ओरडली तेव्हा तुम्ही गड्याला बसवून मोकळेही झाला होतात. तुम्ही विचारलंत, "सोडू का?" म्हातारी काही बोलली नाही, काठीवर हनुवटी टेकून बघत राहिली. तुम्ही दोरी आवळलीत आणि ओढ्याच्या अंगाने लांबचा फेरा घेऊन आपण घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझे पाय काट्यांनी भरून गेले.

शेवटी मी वैतागले. म्हटलं, "आबा, ती नको तर म्हणाली नाही ना? मग चालत असेल तिला." तुम्ही चालता चालता म्हणालात, "गप बसली म्हंजे न्हाई." मी म्हटलं, हा कुठला कायदा? जगात सगळीकडे गप्प बसलं म्हणजे हो धरतात. तुम्ही थांबलात. गड्याही थांबला, तोंड वर करून तुमच्याकडे बघायला लागला. तुम्ही माझ्याकडे न बघता, समोरच्या बाभळीशी बोलावं तसं बोललात, "व्हय, मीबी तसंच धरलं. पाव्हणं बघून गेलं त्या दिशी तुला इचारलं, पसंत हाय का? तू गप बसलीस. मामा म्हनला, पोरगी लाजली, झालं. मी व्हय समजलो. परत इचारायला पायजे व्हतं गं." जन्मात तुम्ही कधी कुणापुढे नमतं घेतलं नव्हतं, आईपुढे तर नाहीच. मी म्हटलं, "मला काय कुत्र्यांच्या रांगेत बसवताय?" तुम्ही हसलात, पण डोळे पुसलेत तेही मी पाहिलं. मग आपण ओढ्याच्या अंगाने घरी आलो.

म्हातारीने किती दिवस घेतले ते आता आठवत नाही, पण ज्वारीला कणसं यायला लागली होती. एका संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखं विचारलंत आणि ती म्हणाली, "सोडा आज. पर लांबनं." गड्या सुटला. सरळ गेला नाही, शहाण्यासारखा वळसा घालून गेला आणि लांबच बसला. कुत्री मेंढरांतून बाहेर आली. तिचं शेपूट पोटाशी होतं, अंगावरचे केस उभे होते, मी पदर तोंडात धरला होता. ती गड्याच्या मागून आली, हुंगलं, परत मागे सरली, परत आली. तेवढ्यात तुमची हाक. गड्या उठून आला आणि कुत्री चार पावलं त्याच्या मागे आली. म्हातारी मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "ह्या बाईवर माजी चाळीस मेंढरं हायती, आवं. मी तिला सोडून द्यायला निगाली व्हती." त्या दिवशी तिने आपल्याला तिथेच चुलीवर चहा करून दिला, मेंढीच्या दुधाचा. तुम्हाला तो वास सोसायचा नाही, तरी सगळा प्यायलात.

मग मामा आला. ज्याने स्थळ आणलं होतं तोच मला परत न्यायला आला होता. सोप्यात बसून त्याने पान लावलं आणि म्हणाला, "दाजी, मी बोलून आलोय. त्यो मनानं वाईट न्हाई. आता काय करनार न्हाई त्यो." मी दाराआड उभी होते. आईने माझ्या लुगड्यांच्या घड्याही घालायला घेतल्या होत्या. तिचं चुकलं म्हणत नाही; माघारी आलेल्या लेकीची आई होऊन त्या गावात पाणवठ्यावर उभं राहणं सोपं नव्हतं. मामाने मला हाक मारली, "काय गं, जायचं न्हवं?" नाही म्हणायचं होतं, सगळं अंग नाही म्हणत होतं, पण शब्द फुटेना. मामा म्हणाला, "गप हाय, म्हंजे तयार हाय. भरा ट्रंक." तुम्ही उठून दारात आलात, माझ्या आणि त्याच्या मध्ये. आवाज चढवला नाहीत. "गप हाय म्हंजे न्हाई. पान खा, च्या घे आन् एकटा जा." मामा तसाच उठला, चपला पायात अर्ध्याच घालून. पुढे तो आपल्या दाराला कधी आला नाही. आईने महिनाभर तुमच्याशी अबोला धरला, तिचा तर तो एकुलता भाऊ. तुम्ही तेही सोसलंत. जूनमध्ये मला साताऱ्याला आणून अध्यापिका विद्यालयात घातलंत, आणि माझं सगळं आयुष्य तिथून सुरू झालं. पोरी शिकवल्या, स्वतःचं घर केलं, कुणाच्या हाताची भीती न बाळगता झोपले.

तुम्हाला जाऊनही आता किती काळ लोटला. शेवटच्या वर्षांत तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, "माजीच चूक. पोरीला नीट इचारलं न्हाई, तिच्या मनात न्हवतं तिथं दिली." समोरचा माणूस मान हलवायचा आणि मी आतून पाणी घेऊन यायचे. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून धीर करून लिहिते. पाहुणे बघायला आले त्या दिवशी मी फटीतून त्याला पाहिलं होतं. पांढरा सदरा होता, बशीतला चहा सांडला म्हणून तो स्वतःशीच हसला, आणि मला तो आवडला. फार आवडला. रात्री भांडी घासताना मी गाणं म्हणत होते. पुढे जे झालं ते झाल्यावर हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटली. माझी स्वतःची पसंती अशी निघाली, यापेक्षा तुमची चूक बरी वाटली. तुम्ही ती मरेपर्यंत वागवलीत.

आबा, त्या दिवशी मी लाजलेच होते. तुम्ही बरोबर समजला होतात.