आईचे दहापैकी दहा

प्रिय अण्णा,

उद्या सकाळी आईला चांदवडच्या घरी एकटीला सोडून यायचंय. सगळे म्हणतात, होईल नीट. मला धास्ती वाटते, आणि ती ऐकून घ्यायला या घरात कुणाला वेळ नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही आता निदान मध्येच तोडणार नाही.

तुम्ही गेल्यावर आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. मी तिला नाशिकला आणलं. पहिल्या थेरपिस्टनं तिला चेंडू दाबायला आणि भोकांत खुंट्या बसवायला लावलं. आई म्हणाली, "बालवाडीत घातलंस का रे मला?"

मग दुसरी थेरपिस्ट आली, मानसी. हिचे प्रश्न ठरलेले. "आजी, तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवंय? आणि आत्ता ते कितपत जमतं, दहापैकी मार्क द्या."

मी घाईघाईनं सांगितलं, अंघोळ, जेवण, पूजा.

"काका, मी आजींना विचारलं."

"त्यालाच विचार, बाई," आई म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

अण्णा, खरं सांगा, तुम्ही तरी तिला असं कधी विचारलं होतंत?

शेवटी मानसीनं माझीच यादी लिहून घेतली. काही आठवड्यांनी तिनं पुन्हा मार्क विचारले. आईनं सगळ्याला दहा दिले! तुम्ही मास्तर असून जन्मात कुणाला दहा दिले नाहीत. माझा निबंध सहाच्या वर गेला नाही, म्हणून तर मी वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून पोट भरतोय. मानसी म्हणाली, "सगळं जमतंय, मग माझं काम संपलं." त्याच सकाळी आईच्या हातून आमटीची वाटी निसटली होती.

"आई, दहा कशाचे?"

"पोरगी उन्हातान्हाची येते. तिचे मार्क कशाला कापू? नोकरी जायची बिचारीची."

मानसी हसली नाही. तिच्याजवळ बसून म्हणाली, "आजी, हे मार्क माझे नाहीत. तुमच्या हाताचे आहेत."

आई म्हणाली, "मग दोन लिही. आणि लिही, मला माझ्या घरी राहायचंय. गॅस मी पेटवीन, चहा मी करीन. सून चांगली आहे, पण इथं चहा तिच्या वेळेला मिळतो."

दुसऱ्या दिवसापासून माझी यादी गेली. लायटर, दुधाची पिशवी आणि दाराचं कुलूप आलं. परवा आईनं आपणहून सात दिले. म्हणाली, "कुलूप अजून अडतंय."

त्या सातावर माझा विश्वास आहे. तरी गॅस चालूच राहिला तर? मोरीत पाय घसरला तर? माझ्या भीतीला दहापैकी किती, हे मात्र मला कुणी विचारत नाही.

तरी अण्णा, शब्द देतो. उद्या तिला सोडून मी मागे फिरेन. शेजारच्या वहिनींना लक्ष ठेवायला सांगणार नाही. तिचा फोन येईपर्यंत मी फोन करणार नाही. मोबाइल हातात धरून बसेन, तेवढी सूट द्या.

तुमचा,
सुधीर