कानामागची जागा

डहाणू, ता. ४ नोव्हेंबर १९६२

चि. शांतीस ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. माझ्या टाळूवरची रुपयाएवढी चाई आता तळहाताएवढी झाली. आईने गुंज उगाळून लावली, कांदा चोळला आणि शेवटी दसऱ्याला बिब्बा लावला. कानामागे खाजत होतं, तिथेही लावला. तो असा उतला की चार दिवस डोकं टेकवता आलं नाही.

आता दोन्ही जागा गुळगुळीत, चकचकीत झाल्या आहेत. परवा न्हाऊ घालताना आईने त्या पाहिल्या आणि तेव्हापासून पोरीचे केस मीच जाळले म्हणत बसली आहे. जेवण टाकलंय. बोंबील वाळत घालायला जाते, ते अर्धे टाकून माझं डोकं बघायला येते. तुझे दाजी म्हणतात, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन झालं. मी म्हटलं, मग डहाणूच्या साऱ्या मासळीवाल्या टकल्या नकोत का? शांती, मला केसांपेक्षा आईची धास्ती वाटते. हे कशाने झालं ते तुझ्या इस्पितळात कळेल का?

उत्तर लवकर धाड, माया आहेच.
तुझी वेणूताई

मुंबई, ता. ९ नोव्हेंबर १९६२

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि वॉर्डात दोनदा थर्मामीटर उलटं धरलं. चाईत केस गळतात, पण केस उगवायची बारीक भोकं शाबूत राहतात आणि केस परत येतात. चकचकीत जागेचं तसं नसतं. आमच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा रोग क्वचितच होतो, पण तो कडेने पसरत जातो, तेव्हा दिवस घालवू नका. आधी भिंगातून बघतील, मग जागा बधिर करून दोन्हीकडचा मसुराएवढा तुकडा तपासायला काढतील. बिब्ब्याचं मात्र लपवू नकोस. आईला लाज वाटेल म्हणून तू गप्प राहशील, मी ओळखून आहे. सोमवारी निघच.

दाजींना नमस्कार, आईला जेवायला लाव.
तुझी शांती

मुंबई, ता. ३ डिसेंबर १९६२

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

तू आलीस तेव्हा काढलेल्या तुकड्यांचा निकाल आला. टाळूवर रोगच आहे. नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण आतली सूज केसांची मुळं खाते आणि मागे व्रण उरतो, एवढं समज. बिब्बा लावला नसता तरी ते केस गेलेच असते. उरलेले वाचावेत म्हणून गोळ्या पाठवते, एकही चुकवू नकोस.

कानामागच्या तुकड्यात मात्र रोगाची खूण नाही. तिथे नुसता भाजल्याचा व्रण आहे, तो बिब्ब्याचा. केस आता दोन्हीकडे यायचे नाहीत. आईला काय सांगावं ते मला सुचत नाही. तूच ठरव.

तुझ्यावर नेहमीच जीव असलेली
शांती

डहाणू, ता. ७ डिसेंबर १९६२

चि. शांतीस अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र आलं तेव्हा आई समोरच बसली होती. लगेच वाच म्हणाली. टाळूचं खरं वाचलं, कानामागचंही रोगच म्हणून वाचलं. बिब्ब्याने काहीच झालं नाही ना, असं तिने तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं. मग खूप रडली आणि भात मागितला.

संध्याकाळी म्हणाली, ते पत्र दे, शेजारच्या नारूमास्तरांकडून पुन्हा वाचून घेते. मी ते चुलीत घातलं आणि चुकून गेलं म्हटलं. तिला काही पटलेलं दिसत नाही. कालपासून पुन्हा अर्धीच भाकरी खाते. तेव्हा तिच्या नावाने वेगळं पत्र घाल. खोटं लिहिणं तुला जड जाईल, माहीत आहे. पण तिचं तोंड रोज मला बघायचं आहे.

रागावू नकोस.
तुझी ताई

मुंबई, ता. ११ डिसेंबर १९६२

ती. आईस शांतीचा शि. सा. न. वि. वि.

ताईच्या हातून पत्र चुकून चुलीत गेलं म्हणे. वेंधळी ती वेंधळीच. म्हणून पुन्हा लिहिते, नारूमास्तरांनी मोठ्याने वाचावं. ताईच्या डोक्यावर दोन जागा आहेत आणि दोन्ही एकाच रोगाच्या आहेत. डॉक्टरीणबाईंनी तपासल्या, मीही भिंगातून पाहिल्या. बिब्ब्याचा काही दोष नाही.

यापुढे मात्र कुणाला बिब्बा लावू नकोस. का ते विचारू नकोस, नर्स सांगते म्हणून ऐक. शिमग्याला चार दिवस रजा काढून येते. इथे सगळं धावतपळत उरकावं लागतं, केस धड धुतले जात नाहीत. आले की तूच मला न्हाऊ घाल.

तुझी लाडकी
शांती