रुक्माची बाटली आणि १००१

३ मार्च. सकाळी १०.
मशीन आलं! एका कॉलेजनं मोडीत काढलेलं, पण चालू. जंतूवर लेझरचा उजेड टाकायचा, परत येणाऱ्या उजेडाचा ग्राफ बघायचा. प्रत्येक जंतूचा ग्राफ वेगळा. दहा मिनिटांत जंतूचं नाव. ते कल्चर लावा, जंतू वाढायची तीन दिवस वाट बघा, ही भानगडच नको. आख्ख्या कळमनुरीत असं मशीन फक्त माझ्या लॅबमध्ये.
संकल्प : आजपासून कल्चर बंद.

दुपारी ४.
पहिला मान रुक्माचा, माझ्या बायकोचा. दोन वर्षं तिच्या रक्ताची बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जपून ठेवली आहे. तेव्हा कल्चरनं तीन दिवस खाल्ले, आणि रिपोर्ट काय, तर नो ग्रोथ, म्हणजे जंतू वाढलाच नाही. त्याच दुपारी ती गेली. चूक कल्चरची.
प्लास्टिकच्या प्लेटीत दोन थेंब टाकले. ग्राफला १००१ वर उंच टोक. सापडला! ग्राफ तीनदा छापून घेतला. रेकॉर्डसाठी, दुसरं काही नाही.
अंजली, माझी टेक्निशियन. कामाला चोख, पण शंकेखोर. विचारते, सर, कल्चरची बाटली फ्रिजात काहून? थंडीत जंतू मरतात, मग वाढणार काय? म्हटलं, रिपोर्ट आल्यावर ठेवली, आठवण म्हणून. फ्रिजचं दार लावून कामाला लागली.

८ मार्च.
शेळीचं दूध : १००१. नळाचं पाणी : १००१. समोरच्या हॉटेलातला चहा : १००१. म्हणजे रुक्माला नेणारा जंतू गावभर मोकाट फिरून राहिला आणि कुणाला पत्ता नाही!
चहा सोडला. सकाळी ११ ला सोडला, ४ ला घेतला. उकळलेला होता.

११ मार्च.
माझी थुंकी. १००१.
माझ्यातही आहे. दोन वर्षांपासून असणार. तिच्या उशाशी बसलो होतो ना.
दुपारभर फ्रिज घरघर करत होता. शेवटी शेवटी रुक्माचा श्वास असाच वाजायचा. अंजलीला म्हटलं, हा फ्रिज भंगारात द्या, डोकं उठलं. ती म्हणाली, आवाज कुठं येतोय सर? लाईट सकाळपासून गेलीय. मशीन तेवढं इन्व्हर्टरवर आहे.
कानाच्या डॉक्टरला दाखवायचं.

१४ मार्च.
आरोग्य अधिकाऱ्यांना नऊ पानी पत्र लिहिलं. जंतू मी शोधला, त्यामुळे नाव ठेवायचा हक्क माझा. रुक्माचं नाव दिलं. जिवंतपणी साधी साडी तिच्या पसंतीची आणली नाही, निदान हे.
अंजली म्हणते, एकदा रिकामी प्लेट लावून बघा सर. मला शिकवते! रिकाम्या प्लेटीत काय दिसणार, कपाळ?
कानाचा डॉक्टर पुढच्या आठवड्यात.

१९ मार्च.
जवळा बाजारहून सिंधू आली. रुक्माची धाकटी बहीण, शेळ्या राखते. आठ दिवसांचा ताप. डॉक्टरांनी रक्त तपासायला माझ्याकडेच पाठवलं. बसली नेमकी रुक्मा बसली होती त्या खुर्चीत. नाक, हनुवटी तीच. म्हणाली, दाजी, अक्कावानी करू नका, माझी लेकरं ल्हान हायेत. हसत म्हणाली. मला राग आला. मी काय केलं अक्काला?
मशीन लावलं. १००१.
डॉक्टरांना फोन केला, निदान झालं म्हणून. त्यांनी जंतूचं नाव विचारलं. सांगितलं, रुक्मा. मग म्हणाले, माणिकराव, कल्चर लावा. म्हटलं, ते बंद केलं.
सिंधूच्या रक्ताची बाटली हातात होती. फ्रिजचं दार उघडून किती वेळ उभा होतो, आठवत नाही. अंजलीनं येऊन बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

२१ मार्च.
अंजलीबाईनं मला न विचारता कल्चर लावलं! बाटली उबेत ठेवली, जंतू वाढला. टायफॉइडचा निघाला. डॉक्टरांनी औषध बदललं. लॅबमध्ये शिस्त म्हणून राहिली नाही. तिला नोटीस द्यायचा विचार आहे.

२४ मार्च.
सिंधूचा फोन. ताप उतरला, भाकर खाल्ली, शेळ्यांना शिव्या देऊन झाल्या. म्हणाली, दाजी, तुमी वाचवलं बरं. म्हटलं, मशीननं. ती म्हणाली, अक्काच्या टायमाला हे मशीन पाहिजे होतं.
मी फोन ठेवला. नोटीस राहू दिली.

२५ मार्च. सकाळी ११.
अंजली यायच्या आत रिकामी प्लेट लावली. पाकिटातून काढलेली, कोरी. १००१. दुसरी लावली. १००१.
प्लास्टिकचा ग्राफ. तीन आठवडे मी प्लास्टिक तपासत होतो. रुक्माच्या बाटलीत काही सापडलं नव्हतं. तिला कशानं नेलं, ते आता कळायचं नाही.
पत्र फाडलं. नऊ पानं, वेळ लागला.
दोन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी तिचं रक्त मीच काढलं होतं. घाबरून गेलो होतो. घरी दूध ठेवतो तशी बाटली सरळ फ्रिजात ठेवली, खराब होऊ नये म्हणून. वीस वर्षं टेक्निशियनचं काम केलेला मी. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं, गुपचूप काढून उबेत ठेवली, आणि नो ग्रोथवर सही केली.
अंजली आली की तिला सांगायचं. बाटली रिपोर्ट आल्यावर ठेवली नव्हती. आधीच ठेवली होती.